न उचललेल्या फोनची हजेरी

देवावर विश्वास नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या डोंबिवलीत दर इमारतीमागे निदान एक असतो. पण थर्मामीटरवर विश्वास नसलेला माणूस आयुष्यात एकच पाहिला, आणि मुलीचं लग्न ठरवताना मी नेमका त्याच्याच दारात जाऊन उभा राहिलो. आमचे व्याही. त्यांना ताप आला की ते आधी एखाद्या धडधाकट माणसाच्या काखेत थर्मामीटर घालतात, ते नीट चालतंय याची खात्री करतात आणि मगच स्वतःला लावतात. एकदा मी भेटायला गेलेलो तेव्हा हा मान मला मिळाला. माझा ताप शंभर निघाला. "बघितलंत? बिघडलंय," असं म्हणून व्याह्यांनी थर्मामीटर फडताळात टाकलं. मी घरी येऊन चार दिवस फणफणून पडलो होतो, पण त्याबद्दल त्यांनी थर्मामीटरची माफी मागितल्याचं ऐकिवात नाही.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. चौतीस वर्षं ते पाणीखात्यात घरोघरची मीटरं तपासायला होते. बंद पडलेलं मीटर कुठलं आणि बंद पाडलेलं कुठलं, हे ते म्हणे जिन्यातूनच ओळखत. "आकडा कमीजास्त होतो ना, ते घर खरं," ते मला समजावून सांगत. "पाहुणे येतात, कोणी गावाला जातं, गोधड्या धुतात. पण महिनोन् महिने वापर तोच, एका बादलीचाही फरक नाही, असं दिसलं की समजायचं, कोणीतरी हात लावलाय." मी मान डोलवायचो. मी कोणालाही मान डोलवतो. या सवयीपायी माझ्या घरात पाणी शुद्ध करणारी दोन यंत्रं आहेत, आणि एक विमा आहे ज्यात मला नक्की कशानं मरायचं आहे ते अजून समजलेलं नाही.

लग्नाची बोलणी करायला ते आमच्याकडे आले तेव्हा पोह्यांना हात लावण्याआधी त्यांनी घरातले सगळे नळ उघडून पाहिले. मग मला गॅलरीत नेऊन विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" मी म्हणालो, "सहाला." तोच प्रश्न त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन आमच्या हिला विचारला. ती म्हणाली, "साडेचारला, आणि पावणेसहाला जातं." ते बाहेर आले, माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पाणी वहिनी भरतात." लग्न ठरलं, पण ते हिच्या भरवशावर. माझ्या नावापुढची नोंद अजूनही शंकास्पदच आहे.

बाळकुमला, पूर्वी जिथे भाताची खाचरं होती असं जुने लोक सांगतात, तिथल्या एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर ते राहतात. विहीणबाई लग्नाच्या आधीच गेलेल्या, मुलगा-सून नोकरीपायी दुसऱ्या गावी. दाराला तीन कड्या आणि एक भिंग. बेल वाजवली की आतून प्रश्न येतो, "कोण?" नाव सांगितलं की दुसरा प्रश्न, "कशावरून?" पहिल्या दिवाळसणाला मी या प्रश्नानं इतका गडबडलो की खिशातून पॅनकार्ड काढून भिंगासमोर धरलं. आतून एक, दोन, तीन अशा कड्या निघाल्याचे आवाज आले आणि हसऱ्या चेहऱ्यानं व्याही म्हणाले, "या या! फोटो जुना आहे."

तर असा हा माणूस निवृत्तीनंतर कॉलेजच्या पोरांना मदत करतो हे कळलं, तेव्हा संशय घ्यायची पाळी माझी होती. कल्याणला एका विहाराच्या मागच्या हॉलमध्ये काही निवृत्त शिक्षक, बँकेतले, पोस्टातले लोक दर रविवारी सकाळी जमत. घरात कॉलेजपर्यंत पोचलेलं पहिलंच पोर, आईबाप हातावर पोट असलेले, अशा मुलांना तीन वर्षं धरून ठेवायचं, मध्येच गळू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. प्रत्येकाच्या वाट्याला पाच पोरं. मला वाटलं, यांना महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं असणार. आमची ही म्हणाली, "तुम्हाला एक मेलं कळत नाही. एकटे असतात ते. रविवार जात नसेल." व्याह्यांना माझा संशय कळला असावा, कारण पुढच्याच रविवारी ते मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले.

बाकीची मंडळी पोरांना धीर देत. मोठी स्वप्नं बघा, जिद्द ठेवा, असं. व्याही कोपऱ्यात खुर्ची टाकून एकेकाची उलटतपासणी घेत. "कॉलेजात शेवटचं कोणाशी बोललास? नाव काय त्याचं? वर्गाचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो?" मला ते बघवेना. बाहेर चहा पिताना मी म्हटलं, "व्याही, पोरं आहेत हो. चोर नाहीत."

त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमची मुलगी कॉलेजला होती तेव्हा तिनं तुम्हाला थापा मारल्या की नाही?"

"मारल्या असतील."

"वहिनींनी पकडल्या की नाही?"

"सगळ्या."

"कारण वहिनी कॉलेजला गेलेल्या. थाप पकडायला आधी खरं काय ते माहीत असावं लागतं. ह्या पोरांचे आईबाप विचारतात, कॉलेज कसं चाललंय? पोर म्हणतं, सगळं ठीक आहे. संपलं! पुढचा प्रश्न काय विचारायचा ते त्या माउलीला ठाऊकच नाही. ह्यांच्या घरात माया पुष्कळ आहे हो, व्याही. संशय घ्यायला कोणी नाही."

कॉलेज सुरू असलं की त्यांचा एक रिवाज होता. रोज दहा चाळीसला, म्हणजे भर तासाच्या वेळी, ते आपल्या पाचही पोरांना ओळीनं फोन लावत. उचलला नाही किंवा कट केला, की प्रसन्न चेहऱ्यानं वहीत बरोबरची खूण. म्हणजे पोर वर्गात आहे. उचलला, की भुवया वर. "कॅन्टीनमधून बोलतोयस. मागं कपबश्या वाजतायत." जगातले सगळे लोक फोन उचलत नाहीत म्हणून रागावतात; आमचे व्याही उचलला म्हणून रागावत.

या पाचांत आंबिवलीची एक मुलगी होती, सुकेशनी. वडील घोडबंदर रोडच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन, आई एका कारखान्यात पॅकिंगला. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होती. अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. व्याह्यांच्या वहीत तिच्या नावापुढं खुणांची सुरेख रांग लागलेली. "ही बघा. हल्ली एक दिवस चुकत नाही. ही माझी हुकमी आहे," ते मला म्हणायचे. त्यांच्या तोंडून कोणाबद्दल इतकं चांगलं मी तोवर ऐकलं नव्हतं. माझ्या मुलीबद्दल, म्हणजे त्यांच्या सुनेबद्दल, ते "अजून तरी बरी आहे" एवढंच म्हणतात.

त्या शनिवारी मला सुट्टी होती, म्हणून हिनं दिलेली भाजणी पोचवायला बाळकुमला गेलेलो. दहा चाळीस झाले. पहिले चार फोन झाले. पाचवा लावला, आणि पहिल्याच रिंगला आवाज आला, "हां काका."

व्याही दचकले. "वर्गात नाहीस?"

"सर नाही आले आज."

"कुठले सर?"

"...अकाउंटचे."

"बाकी?"

"सगळं ठीक आहे, काका."

त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "व्याही, चप्पल घाला. गाडी आणलीय ना?"

"अहो, सर आले नसतील! आमच्या वेळी तर..."

"अकाउंटला मॅडम आहेत."

काल्हेरच्या कोंडीतून, माझ्या पेट्रोलच्या काट्यावर सबंध रस्ताभर संशय घेत, आम्ही कल्याणला पोचलो. कॉलेजच्या फाटकात तिच्या वर्गातली एक मुलगी भेटली. "सुकेशनी? ती दोन आठवडे येतच नाहीये, काका. आम्हाला वाटलं सोडलं तिनं."

व्याह्यांचा चेहरा एकदम उतरला. पण डोकं पाणीखात्याचंच होतं. ते बोटांवर मोजत पुटपुटायला लागले. "घरून डबा घेऊन निघते. बापाला माहीत नाही, नाहीतर फोन आला असता. म्हणजे दिवसभर बसायला जागा हवी. प्यायला पाणी, बायकांना सोय, कोणी हटकणार नाही, आणि पैसे पडणार नाहीत. चला." आधी आम्ही एका देवळाच्या सभामंडपात पाहिलं, मग तलावाच्या बाकांवर. तिसऱ्या खेपेला, एका सार्वजनिक अभ्यासिकेत, शेवटच्या टेबलाशी, ती सापडली. समोर अकाउंटचं पुस्तक उघडं, वहीवर आकडेमोड. आम्हाला पाहून उठून उभी राहिली आणि पुस्तक मिटलं.

बाहेरच्या पायरीवर बसून तिनं जे सांगितलं ते एवढंच होतं. कॉलेजात परीक्षेचा फॉर्म आपला आपण भरायचा असतो, हे तिला माहीतच नव्हतं. "शाळेत कसं, बाईच नावं लिहून घ्यायच्या. परीक्षा आपोआप यायची. मला वाटलं इथं पण तसंच. नोटीस ग्रुपवर आलेली म्हणे. मी तिसऱ्या लिस्टला आलेले ना, मला कोणी ग्रुपमध्ये घेतलंच नाही. हॉल तिकीट कधी मिळणार विचारायला खिडकीवर गेले, तर ते बोलले तुझा फॉर्मच नाही, तारीख गेली. म्हणजे वर्ष गेलं ना, काका?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच नाही. लाज वाटली. आणि पप्पांनी त्यांच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मॅडमना सांगून ठेवलंय, माझी मुलगी कॉलेजला जाते म्हणून."

"अगं, पण मी रोज फोन करत होतो! तू उचलत नव्हतीस!"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिली. "मुद्दाम नाही उचलायचे. म्हणजे तुम्हाला वाटावं, वर्गात आहे."

"मग आज?"

"आज उचलला," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी रुमाल शोधू लागलो. व्याह्यांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. "खिडकी किती वाजता बंद होते?"

"साडेबाराला."

"पळा."

मी शेवटचा पळालो होतो तो मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या शर्यतीत, आणि तेव्हाही पाचवा आलेलो, पाचांत. पोचलो तेव्हा खिडकीतला माणूस कागद आवरत होता. एकटाच, शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर फायलींचा ढीग. "तारीख गेली, काका. मी सांगितलेलं हिला."

"गेली ते कळलं," व्याही म्हणाले. "कुठं लिहिलंय ते दाखवा."

"अहो, बोर्डावर आहे."

"बोर्डावर काय आहे ते मी वाचणार. किल्ली?"

त्या माणसानं आयुष्यात बरेच पालक पाहिले असतील, पण नोटीस बोर्डाच्या काचेची किल्ली मागणारा हा पहिलाच असावा. त्यानं निमूटपणे दिली. बोर्डावर पारंपरिक वेशभूषा दिनाचा भलाथोरला रंगीत कागद होता, त्याखाली परीक्षेची नोटीस. वरची तारीख दिसत होती; ती खरंच उलटून गेलेली. व्याह्यांनी वरच्या कागदाची टाचणी काढली. नऊवारीतली रंगवलेली बाई बाजूला सरकली, आणि खालच्या दोन ओळी उघड्या पडल्या. प्राचार्यांच्या परवानगीनं, विलंब शुल्कासह, सोमवारपर्यंत.

खिडकीतला माणूस बाहेर येऊन वाचू लागला. त्याचाही चेहरा पडला. "खरंच की. मी पहिली तारीखच सांगत होतो सगळ्यांना. आधी दोघं होतो हो, आता मी एकटाच." मग आपण होऊन त्यानं कोरा अर्ज काढला, स्वतःचं पेन सुकेशनीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "प्राचार्य मॅडमची सही लागेल. मीटिंगमध्ये आहेत, पण थांबा तुम्ही, मी खिडकी बंद करत नाही." विलंब शुल्क हॉलच्या निधीतून द्यायचं ठरलं. सव्वा वाजता मॅडमची सही झाली. व्याह्यांनी पावती उजेडात धरून पाहिली, उलटून पाहिली, तिच्यावरचा शिक्का बोटानं चोळून पाहिला, आणि म्हणाले, "दिसतेय तरी खरी."

गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी खिशातली वही काढली, सुकेशनीच्या नावापुढच्या शेवटच्या खुणा मोजल्या आणि एकेक करून खोडल्या. "बारा," ते म्हणाले. "त्याच्या आधी बघा. एखाद्या दिवशी उचललाय, एखाद्या दिवशी तास नाही, एकदा बाजारात होती. कमीजास्त. आणि मग ह्या बारा. सरळ रेघ. रोज तोच आकडा दाखवणारं मीटर मी चौतीस वर्षांत एक सोडलं नाही, व्याही. आणि हिला हुकमी म्हणत होतो." कोनगावच्या पुलापर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. पुलावर म्हणाले, "जगावर संशय घेतला, वहीवर नाही घेतला."

घरी सांगायचं काम त्यांनी तिच्यावरच सोपवलं, आणि तिनं ते केलं. पुढच्या रविवारी तिचे वडील हॉलवर आले. गणवेशातच होते, रात्रपाळी संपवून परस्पर आलेले. "जयभीम साहेब," म्हणून उभेच राहिले. "आमची चूक झाली. आम्ही विचारलंच नाही तिला काही. काय विचारायचं तेच कळत नाही."

"गेटवर माणूस आला की काय विचारता?"

"कोणाकडे, कितवा माळा, काय काम."

"आणि म्हणाला सगळं ठीक आहे, तर सोडता?"

"छे! सही घेतो. वर फोन लावतो."

"मग तेच घरी करा. रोज विचारा, शेवटची तारीख कधी आहे."

"कशाची?"

"ते तिला माहीत असतंय."

त्या दिवसापासून तो सज्जन माणूस घरी आला की चप्पल काढायच्या आत विचारतो, "शेवटची तारीख कधी?" सुकेशनी सांगते की उन्हाळ्याच्या सुट्टीतही त्यात खंड पडला नाही.

यंदा ती शेवटच्या वर्षाला आहे. कल्याणच्या हॉलमध्ये तिच्याही वाट्याला आता चार पोरं आली आहेत, आणि ती त्यांना फोन करत नाही. "मी जाऊनच बघते, काका. फोनवर कसं फसवायचं ते मला माहितेय." अपवाद एकच. आमची मुलगी आणि जावई दोन वर्षांपूर्वी बदली होऊन बंगळूरला गेले. व्याह्यांना खूप बोलावतात, पण त्यांना तिकडच्या पाण्याची खात्री नाही. डॉक्टरांनी रोज सकाळी तासभर चालायला सांगितलंय, आणि फोन आपलं बोलणं ऐकतो असा संशय असल्यामुळं चालायला जाताना ते तो घरीच ठेवतात. म्हणून सुकेशनी रोज सकाळी सातला त्यांना फोन लावते. उचलला नाही, की ठीक.

गेल्या आठवड्यात तिचा मला फोन आला. "काका, तुमच्या व्याह्यांनी उचलला."

"मग चांगलं आहे की!"

"पहिल्या रिंगला. आणि बोलले, सगळं ठीक आहे."

मी चप्पल घातली.

बाळकुमच्या त्या दारात आम्ही बेल वाजवली. सुकेशनीनं सवयीनं हॉल तिकीट भिंगासमोर धरलं. शेवटच्या सेमिस्टरचं, आदल्याच दिवशी मिळालेलं. आम्ही "कोण?" ची वाट पाहत राहिलो. आतून आवाज आला, "उघडंच आहे."

दार नुसतं लोटलेलं होतं. तिन्ही कड्या मोकळ्या लोंबत होत्या. व्याही खुर्चीत, गुडघा हा एवढा सुजलेला, अंगावर शाल. चार दिवस उठता येत नव्हतं, म्हणून दूधवाल्यासाठी आणि कामवाल्या बाईसाठी दार उघडं ठेवलं होतं. पहिले तीन दिवस सातचा फोन मुद्दाम उचलला नव्हता, म्हणजे सुकेशनीला वाटावं, चालायला गेलेत. "काही नाही हो, जरा मुरगळलाय. सगळं ठीक आहे."

"हे बघा, हॉल तिकीट," सुकेशनी म्हणाली.

"ठेव तिथं. बरोबरच असेल."

मला आयुष्यात कुठल्याही वाक्याची इतकी भीती वाटली नव्हती. मी मुलीला फोन लावायला वळलो. पण सुकेशनीनं त्यांच्या कपाळाला हात लावला, फडताळातून थर्मामीटर काढलं, आणि त्यांनी हात पुढं केला तरी त्यांना दिलं नाही. "असं कसं? चालतंय कशावरून?" असं म्हणून तिनं ते माझ्या काखेत घातलं.

दिवाणखान्याच्या मधोमध मी एक हात दाबून उभा होतो. मग तिनं ते काढून त्यांच्यासमोर धरलं. व्याह्यांनी चष्मा चढवला, आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला. "साडेसत्त्याण्णव. ह्यांचं काही सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि माझ्या जिवात जीव आला. मग स्वतःला लावून घेताना म्हणाले, "ते हॉल तिकीट आण बघू इकडे."

त्यांनी ते ओळ न् ओळ वाचलं. आसन क्रमांक, विषय, तारखा, वेळा. "फोटो तुझाच कशावरून?" तेही झालं. मग कागद मांडीवर ठेवून त्याच्या कडा सारख्या करत बसले. "हे शेवटचं, नाही का? म्हणजे जूनपासून दहा चाळीसला तुझं नाव नाही."

"तुम्ही लावा ना फोन," सुकेशनी म्हणाली. "मी कामावर असेन. उचलणार नाही."

व्याह्यांनी काखेतलं थर्मामीटर काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. "बघू," ते म्हणाले. "लागोपाठ बारा दिवस नाही उचललास, तर मात्र येऊन बघणार."